मूल्य : आठ आणे

पुस्तकाच्या सुरुवातीच्या पानांत, मुद्रकाचे नाव आणि आवृत्तीचे वर्ष जिथे असते तिथे, 'मूल्य' हा शब्द छापलेला असतो. आमचे समीक्षकही हाच शब्द वापरतात. वाङ्मयीन मूल्य, जीवनमूल्य, सामाजिक मूल्य. प्रकाशकाचे मूल्य रुपयांत मोजले जाते, समीक्षकाचे विचारांत. या दोन मूल्यांचे एकमेकांशी नाते काय, हा प्रश्न प्रस्थापित मराठी समीक्षेने क्वचितच विचारला. ज्या घरांतून ती समीक्षा लिहिली गेली, त्या घरांत पुस्तक आणले म्हणून ज्वारी कमी आणावी लागत नव्हती. ज्या घरांत तसे करावे लागते त्या घरांतून आलेल्या वाचकाला मात्र हा प्रश्न टाळता येत नाही.

नामवंत लेखकाचे ऐंशी पानांचे पुस्तक. मोठा टाइप, रुंद समास, गुळगुळीत मुखपृष्ठ. किंमत दीडशे रुपये. हे पुस्तक तेवढ्या किमतीचे आहे काय? उमरीसारख्या तालुक्याच्या गावी महाविद्यालयात शिकवताना हा प्रश्न मला विद्यार्थ्यांच्या तोंडून वारंवार ऐकावा लागतो. आसपासच्या खेड्यांतून एस.टी.ने येणारी ही मुले पुस्तक हातात घेऊन आधी त्याची जाडी बघतात, मग पाठीमागची किंमत. तीनशे पानांचे गाईड तेवढ्याच पैशांत येते आणि गाईडने परीक्षा पास होता येते. त्यांचा हा हिशेब कोत्या मनाचा आहे असे म्हणणे सोपे आहे. पण ज्याच्या घरी वर्षभराचा खर्च कापसाच्या आणि सोयाबीनच्या एका हंगामावर किंवा दुसऱ्याच्या शेतातल्या रोजावर चालतो, त्याने प्रत्येक रुपयाला जाब विचारला तर त्यात वावगे काय?

या प्रश्नाला दोन तयार उत्तरे आहेत. पहिले उत्तर अभिरुचीसंपन्न वर्गाचे : विचारांची किंमत पानांवरून ठरत नाही. दुसरे उत्तर चिडलेल्या वाचकाचे : प्रकाशक मोठ्या नावावर लुटतात. दोन्ही उत्तरे अर्धी खरी आहेत, आणि म्हणूनच दोन्ही अपुरी आहेत. पहिले उत्तर देणारा ज्याला किंमत परवडत नाही त्याचा विचार करीत नाही. दुसरे उत्तर देणारा पुस्तकात काय आहे हे पाहण्यापूर्वीच निकाल देतो. माझ्या मते नामवंत लेखकाच्या लहान पुस्तकाला तीन प्रश्न विचारले पाहिजेत. हे पुस्तक लहान का आहे? त्याची किंमत नेमकी कशाची आहे? आणि त्या किमतीला ते कोणाच्या हातात पोचते, कोणाच्या हातात पोचत नाही? हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय महाग आणि स्वस्त हे शब्द उच्चारण्यात अर्थ नाही.

हा वाद नवा नाही. आमच्या चळवळीच्या इतिहासात तो एकदा जाहीरपणे झालेला आहे, आणि तोही ज्याच्यापुढे दुसरे लहान पुस्तक ठेवता येणार नाही अशा पुस्तकावरून. १९३६ साली लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळाने आपल्या वार्षिक परिषदेचे अध्यक्षपद डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना दिले. त्यांनी इंग्रजीत भाषण लिहिले, मुंबईत छापून घेतले. भाषणातला आशय वाचल्यावर मंडळाच्या लोकांचे धाबे दणाणले. वेदांच्या प्रामाण्यावरचा आणि हिंदू धर्म सोडण्यासंबंधीचा भाग गाळावा, असा आग्रह सुरू झाला. बाबासाहेबांनी एक स्वल्पविरामही बदलायला नकार दिला. परिषद रद्द झाली. न झालेले भाषण मे १९३६ मध्ये बाबासाहेबांनी स्वतःच्या खर्चाने प्रसिद्ध केले, मंडळाशी झालेल्या पत्रव्यवहारासकट. किंमत ठेवली आठ आणे.

त्यावर म. गांधींनी 'हरिजन'च्या ११ जुलै १९३६ च्या अंकात लेख लिहिला. कोणत्याही सुधारकाला हे भाषण डावलता येणार नाही, असे त्यांनी मान्य केले. पण आशयाला हात घालण्यापूर्वीच त्यांनी एक सूचना केली : पुस्तकाची किंमत आठ आण्यांवरून दोन आणे करावी, निदान चार आणे तरी. जातिसंस्थेच्या मुळावर घाव घालणाऱ्या पुस्तकाच्या परीक्षणात किंमत जास्त असल्याची तक्रार आधी यावी, ही गोष्ट मला नेहमीच विचार करायला लावते.

येथे न्याय दोन्ही बाजूंनी करायला हवा. पुस्तक स्वस्त व्हावे ही सूचना स्वतःत वाईट नाही. आठ आणे म्हणजे अर्धा रुपया, आणि १९३६ साली मजुराच्या दृष्टीने अर्धा रुपया ही लहान रक्कम नव्हती. पण सूचना करणाराने एक गोष्ट सोडून दिली. किंमत कमी केली की जो तोटा येतो तो कोणी सोसायचा? गांधीजींच्या पाठीशी साप्ताहिके होती, संस्था होत्या, देणगीदार होते. या पुस्तकाच्या पाठीशी लेखकाचा एकट्याचा खिसा होता. ज्या परिषदेने हे भाषण मागवले, तिनेच ते नाकारले होते. स्वस्त पुस्तक कुणाच्या तरी पैशाने स्वस्त होत असते. ज्याच्यामागे पैसा नाही त्याला स्वस्ताईचा उपदेश करणे सोपे असते.

शिवाय हे पुस्तक कोणासाठी होते? दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनीच सांगितले आहे की ते प्रामुख्याने हिंदूंसाठी लिहिलेले होते. इंग्रजी वाचणारा सवर्ण सुशिक्षित हा त्याचा ग्राहक. त्याला अर्धा रुपया जड नव्हता. जड होता तो आशय. आणि बाजाराने दिलेला निकाल पाहा. दीड हजार प्रती दोन महिन्यांत संपल्या. १९३७ मध्ये दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा गुजराती आणि तामीळ भाषांतरे झालेली होती, मराठी, हिंदी, पंजाबी आणि मल्याळम् भाषांतरे होत होती. किंमत जास्त म्हणून हे पुस्तक अडून राहिले नाही.

आणखी एक गोष्ट गांधीजींच्या स्वतःच्या अनुभवातली आहे. ६ एप्रिल १९१९ रोजी मुंबईत सविनय कायदेभंगाचा भाग म्हणून त्यांनी 'हिंद स्वराज्य' आणि 'सर्वोदय' ही सरकारने बंदी घातलेली छोटी पुस्तके रस्त्यावर विकली. किंमत होती चार आणे. लोकांनी एकेका प्रतीला पाच-पाच, दहा-दहा रुपये दिले, एका प्रतीला पन्नास रुपये आले, असे त्यांनी आपल्या आत्मकथेत नोंदवले आहे. म्हणजे लहान पुस्तकाची किंमत कागदाची नसते, लोक त्यातल्या धाडसाची किंमत मोजतात, हे गांधीजींना सतरा वर्षांपूर्वी प्रत्यक्ष कळलेले होते. कायदा मोडणाऱ्या चार आण्यांच्या पुस्तकाला पन्नास रुपये योग्य वाटतात आणि धर्मशास्त्राचे प्रामाण्य मोडणाऱ्या पुस्तकाला आठ आणे जास्त वाटतात, या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहिल्या म्हणजे किमतीच्या चर्चेत आशयाची भीती कशी दडून बसते हे दिसते.

आता पहिला प्रश्न. हे पुस्तक लहान का आहे? ते अध्यक्षीय भाषण आहे म्हणून. श्रोत्यांसमोर एका बैठकीत वाचता यावे एवढेच ते असू शकत होते. दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी भाषणाचे रूप मोडून त्याचा सरळ निबंध करावा, असे बाबासाहेबांना सुचवले गेले होते. त्यांनी भाषणाचेच रूप कायम ठेवले. या मर्यादेत त्यांनी काय बसवले ते पाहावे. सामाजिक सुधारणेआधी राजकीय सुधारणा म्हणणाऱ्यांना उत्तर आहे. आर्थिक क्रांती आधी म्हणणाऱ्या समाजवाद्यांना उत्तर आहे. जाती म्हणजे श्रमांची नव्हे तर श्रमिकांची विभागणी, हा सिद्धांत आहे. वंशशुद्धीच्या दाव्याची चिकित्सा आहे. चातुर्वर्ण्याला नवे रूप देऊ पाहणाऱ्यांचा समाचार आहे. स्वातंत्र्य, समता, बंधुता यांवर उभ्या असलेल्या समाजाचे चित्र आहे. सहभोजनापेक्षा आंतरजातीय विवाह, आणि त्याहीपेक्षा शास्त्रांच्या पावित्र्यावरचा विश्वास नाहीसा करणे, अशी उपायांची चढती मांडणी आहे. पुरोहितपण जन्माने न मिळता परीक्षेने मिळावे, ही ठोस सूचनाही आहे. यातला एकेक मुद्दा घेऊन कोणी दुसऱ्याने एकेक ग्रंथ लिहिला असता. हे पुस्तक आटवलेले आहे. म्हणून ते लहान आहे.

पुढे पुस्तकात जी भर पडली तीही पाहण्यासारखी आहे. दुसऱ्या आवृत्तीत गांधीजींचे लेख आणि त्यांना दिलेले उत्तर आले. म्हणजे विरोधकाचा संपूर्ण युक्तिवाद बाबासाहेबांनी आपल्याच पुस्तकात, आपल्याच खर्चाने छापला. प्रसिद्धीसाठी हे सारे केले, या आक्षेपालाही त्यात सडेतोड उत्तर आहे. १९४४ च्या तिसऱ्या आवृत्तीत 'भारतातील जाती' हा त्यांचा आधीचा निबंध जोडला गेला. १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेला हा निबंध पुढच्या वर्षी 'इंडियन अँटिक्वरी'त छापला होता. प्रत्येक आवृत्तीत वाचकाला काहीतरी नवे मिळाले. पाने वाढली ती वादासाठी आणि पुराव्यासाठी. फुगवण्यासाठी वाढली नाहीत.

लहान पुस्तकाचे मोल लेखकाच्या प्रसिद्धीवर अवलंबून नसते, हे सांगणारे दुसरे उदाहरण आमच्या शेजारच्या वऱ्हाडातले आहे. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे 'स्त्री-पुरुष तुलना' १८८२ साली पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात छापले गेले. पाच शे प्रती, किंमत नऊ आणे. हेही छोटेसेच पुस्तक. पण ताराबाई नामवंत नव्हत्या आणि बाई होत्या. पुस्तकाची हेटाळणी झाली. त्यांची बाजू घेऊन १८८५ मध्ये जोतीराव फुल्यांनी 'सत्सार' या आपल्या छोट्या अंकात लिहिले. ताराबाईंचे दुसरे पुस्तक निघाले नाही. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा उजेडात आणले तेव्हा त्याचे मोल विद्वानांना कळले. नऊ आण्यांचे पुस्तक कळायला नव्वदाहून अधिक वर्षे लागली. नाव मोठे नसले की लहान पुस्तक किती सहज पुरले जाते, याचा हा दाखला आहे. म्हणून जे लोक आज नामवंतांच्या लहान पुस्तकांना सरसकट नावे ठेवतात त्यांनी हेही ध्यानात घ्यावे की नामवंतांची पुस्तके निदान बाजारात दिसतात तरी.

आता दुसरा प्रश्न : किंमत कशाची? पुस्तक छापण्याचा व्यवहार ज्यांनी जवळून पाहिला आहे त्यांना माहीत असते की ऐंशी पानांच्या पुस्तकाचा खर्च एकशे साठ पानांच्या पुस्तकाच्या निम्मा नसतो. अक्षरजुळणी, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ, बांधणी, विक्रेत्याचे कमिशन, पाठवणी हे सारे दोन्ही पुस्तकांना लागते; कमी होतो तो मुख्यतः कागद. त्यातून प्रती थोड्या काढल्या तर हा सगळा भार त्या थोड्या प्रतींवर पडतो. तेव्हा पानाला इतके पैसे, हा हिशेब लहान पुस्तकाच्या बाबतीत लागू पडत नाही. प्रकाशकाची ही अडचण मी मान्य करतो. पण याच अडचणीच्या आडोशाने दुसरा एक व्यवहार चालतो, तो मान्य करता येत नाही. नामवंताची तीन जुनी व्याख्याने, दोन प्रस्तावना आणि एक मुलाखत एकत्र करायची, ती आधी कुठे छापली होती हे सांगायचे नाही, टाइप मोठा करायचा आणि नवे पुस्तक म्हणून विकायचे. येथे वाचक विचाराची किंमत देत नाही, नावाचे भाडे देतो. आणि हे स्पष्टपणे लिहिले पाहिजे की हा दोष आता फक्त सदाशिव पेठी व्यवहारात उरलेला नाही. ज्या आमच्या लेखकांना चळवळीने नाव दिले, त्यांच्याही अशा पुस्तिका आता निघतात. आपल्या माणसाचे पुस्तक म्हणून त्यांना वेगळा तराजू लावला, तर प्रस्थापितांना लावलेला आपला तराजू खोटा ठरेल.

नावाच्या भाड्याचा गुंतागुंतीचा प्रकार २०१४ साली बाबासाहेबांच्या याच पुस्तकाच्या बाबतीत पाहायला मिळाला. दिल्लीच्या नवयान प्रकाशनाने त्याची सटीप इंग्रजी आवृत्ती काढली. एस. आनंद यांनी तयार केलेल्या टीपा कष्टाच्या आहेत, आणि त्या उपयोगी आहेत. ज्या विद्यार्थ्याला भाषणातले संदर्भ माहीत नाहीत त्याला त्या वाट दाखवतात. अशा टीपांसाठी किंमत मोजणे योग्यच आहे. पण या आवृत्तीला अरुंधती रॉय यांची जवळजवळ मूळ भाषणाइतकी लांब प्रस्तावना आहे, आणि तिचा बराच मोठा भाग गांधीजींविषयी आहे. अनेक आंबेडकरी वाचकांनी तेव्हाच आक्षेप घेतला : ज्या पुस्तकाने स्वतःच्या पायावर जवळजवळ ऐंशी वर्षे वाट काढली त्याला जगापुढे नेण्यासाठी दुसऱ्या प्रसिद्ध नावाचा हात कशाला? पुढे २०१७ मध्ये ती प्रस्तावना स्वतंत्र पुस्तक म्हणूनही निघाली. माझे मत असे की तेच तिचे योग्य स्थान होते. त्या लेखनात गांधीजींच्या दक्षिण आफ्रिकेतील भूमिकेची जी चिकित्सा आहे ती वाचनीय आहे आणि वादासाठी आवश्यकही आहे. पण बाबासाहेबांचे पुस्तक घ्यायला आलेल्या वाचकाने ती बरोबर विकत घेतलीच पाहिजे, अशी व्यवस्था करणे हा त्या वाचकावरचा अन्याय आहे. एका पुस्तकाच्या किमतीत त्याला दोन पुस्तके मिळाली असे कोणी म्हणेल. मी म्हणतो, त्याला हवे होते एक आणि किंमत द्यावी लागली दोन्हींची.

तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, कारण तो आमच्याशी निगडित आहे. पुस्तक कोणाच्या हातात पोचते? माझी माय दुसऱ्याच्या शेतात खुरपायला जायची. मी सहावी-सातवीत असताना तिची दिवसाची हजेरी तीस रुपये होती. त्या वर्षी बाप गावकऱ्यांबरोबर दीक्षाभूमीला गेला आणि येताना दहा रुपयांची एक पातळ पुस्तिका घेऊन आला. त्याला वाचता येत नव्हते. मायच्या दिवसाच्या मजुरीचा तिसरा हिस्सा त्या पुस्तिकेत गेला होता, आणि या खरेदीबद्दल घरात कोणी अवाक्षर काढले नाही. मी ती मोठ्याने वाचायची आणि दोघांनी ऐकायची, असे पुढे कितीतरी रात्री चालले. नागपूरची दीक्षाभूमी, ६ डिसेंबरला दादरची चैत्यभूमी, १४ एप्रिलला आमच्या नांदेडचे रस्ते, या ठिकाणी मांडलेल्या पुस्तकांच्या दुकानांवर जी गर्दी होते ती मोठ्या ग्रंथप्रदर्शनांना हेवा वाटावी अशी असते. ती गर्दी मुख्यतः लहान पुस्तकांची असते. जाड ग्रंथ पिशवीत मावत नाही, परतीच्या भाड्यातून त्याचे पैसे निघत नाहीत. दलित वाचकाचा ग्रंथव्यवहार उभा राहिला तो पातळ पुस्तकावर. म्हणून लहान पुस्तकाच्या किमतीचा प्रश्न आमच्या दृष्टीने चैनीचा नाही, तो विचार कुठपर्यंत पोचणार याचा प्रश्न आहे.

आज हा प्रश्न अधिक टोकदार झाला आहे. कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे त्याच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या लेखनावर हक्क राहतो. बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण १९५६ साली झाले. २०१६ च्या अखेरीस ती मुदत संपली. १ जानेवारी २०१७ पासून त्यांचे हे इंग्रजी भाषण कोणीही छापू शकतो. म्हणजे आता मूळ शब्दांसाठी कोणालाही मोबदला द्यावा लागत नाही. किंमत असते ती कागदाची, छपाईची, टीपांची आणि मराठी असेल तर भाषांतराची. तेव्हा कोणी या पुस्तकाला भारी किंमत लावत असेल तर त्यात आपली कोणती भर आहे, हे विचारण्याचा वाचकाला पूर्ण हक्क आहे.

शासनाने हे काम फार आधी हाती घेतले होते. महाराष्ट्र शासनाच्या शिक्षण विभागाने १४ एप्रिल १९७९ रोजी बाबासाहेबांच्या इंग्रजी लेखन-भाषणांचा पहिला खंड प्रसिद्ध केला. वसंत मून यांनी संपादित केलेल्या या खंडात जातिनिर्मूलनाचे हे भाषण आहे, भारतातील जातींवरचा निबंध आहे. खंडाची किंमत सामान्य माणसाला परवडेल अशी ठेवण्याचे धोरण होते आणि त्याबद्दल शासनाला श्रेय दिले पाहिजे. पण पुढे काय झाले? २०२१ च्या अखेरीस मुंबई उच्च न्यायालयाने एका वृत्तपत्रातील बातमीची स्वतःहून दखल घेतली. नऊ लाख प्रती छापण्याचे ठरले, कोट्यवधी रुपयांचा कागद विकत घेतला गेला आणि छापल्या गेल्या केवळ तेहतीस हजार, असे त्या बातमीत म्हटले होते. कागद गोदामात आणि वाचक दुकानाच्या दारात! स्वस्त पण न मिळणारे पुस्तक हे सगळ्यात महाग पुस्तक असते. त्यात उमरीच्या वाचकाने मुदखेडवरून नांदेड गाठायचे, तिथे नाही म्हणून ऐकायचे आणि परत यायचे. एवढ्या प्रवासाचे भाडे आणि बुडालेला रोज त्या छापील किमतीत कोणी मिळवत नाही. शिवाय तो खंड इंग्रजीत. आमच्या खेड्यातला मुलगा मराठी भाषांतरावर अवलंबून आहे, आणि ही भाषांतरे बहुतांशी खाजगी प्रकाशकांच्या हातात आहेत.

येथे आपल्याच माणसांना दोन शब्द सुनावणे मला आवश्यक वाटते. दुकानांवरच्या स्वस्त पुस्तिकांनी चळवळ घडवली, हे मी वर म्हटले आहे. पण त्यांतल्या कित्येक पुस्तिकांवर भाषांतरकाराचे नाव नसते, वर्ष नसते. मजकूर कुठून घेतला याचा पत्ता नसतो. शुद्धलेखनाच्या चुकांनी वाक्याचा अर्थ उलटा होतो. भाषणाचा काही भाग गळालेला असतो आणि तो गळाला आहे हेही सांगितलेले नसते. गांधीजींचे लेख आणि त्यांना दिलेले उत्तर तर पुष्कळदा नसतेच. लाहोरच्या मंडळाने भाषणातला भाग गाळायला सांगितला तेव्हा बाबासाहेबांनी परिषद सोडली. आणि आम्ही वीस रुपयांत बसावे म्हणून तोच भाग गाळतो! श्रद्धेने घेणारा वाचक तक्रार करीत नाही, म्हणून त्याला कमी मजकूर द्यावा, हा न्याय कोणता? भारी किमतीने गरीब वाचक बाहेर राहतो, आणि हलक्या छपाईने तो आत येऊनही फसतो. दोन्हींत नुकसान त्याचेच.

म्हणून पुस्तक हातात घेणाऱ्याने, मग ते दीडशेचे असो की वीसचे, जाडी पाहण्याआधी काही गोष्टी पाहाव्यात. मूळ लेखन कोणत्या वर्षीचे आणि कोणत्या प्रसंगाचे आहे हे सांगितले आहे काय? भाषांतर कोणाचे आहे? मजकूर पूर्ण आहे काय, की निवडक? आणि शेवटी, हे लेखन एका बैठकीत वाचून संपल्यावर आपल्याला त्याच्याशी पुन्हा भांडावेसे, बोलावेसे वाटते काय? माझ्या वर्गातली मुले जातिनिर्मूलनावर दोन-दोन तास वाद घालतात. बाबासाहेबांनी आंतरजातीय विवाहावर एवढा भर दिला, मग आमच्याच वस्तीतल्या पोटजातींत लग्ने का होत नाहीत, असे एका मुलीने भर वर्गात विचारले आणि वर्ग गप्प झाला. जे पुस्तक इतक्या वर्षांनंतरही वाचणाऱ्याला स्वतःच्या घराकडे बघायला लावते, त्याची किंमत पानांवर काढता येत नाही. आणि जे पुस्तक नामवंताचे असूनही असा एकही प्रश्न उठवीत नाही, ते फुकट वाटले तरी महागच.

आता करण्यासारखी गोष्ट राहते. बाबासाहेबांना जे स्वतःच्या खिशातून करावे लागले, ते आज एकट्याने करण्याची गरज नाही. गावोगावच्या जयंती समित्या दरवर्षी वर्गणी गोळा करतात. डीजेच्या एका रात्रीच्या भाड्यात या भाषणाच्या पूर्ण, शुद्ध, भाषांतरकाराचे नाव असलेल्या मराठी आवृत्तीच्या कितीतरी प्रती येतात. समित्यांनी एकत्र येऊन मोठ्या संख्येने प्रती घेतल्या, तर प्रकाशकालाही किंमत उतरवणे शक्य होते, कारण लहान पुस्तकाचा खर्च प्रती वाढल्या की प्रत्येक प्रतीमागे कमी होतो. महाविद्यालयांच्या ग्रंथपालांनी एकाच जाड संदर्भग्रंथाऐवजी अशा पुस्तकाच्या पंचवीस प्रती घेतल्या तर पंचवीस मुलांना ते एकाच आठवड्यात वाचता येईल आणि त्यावर वर्गात बोलता येईल. किंमत दोन आणे करा, ही सूचना १९३६ साली करणाराने तोटा कोण सोसणार हे सांगितले नव्हते. आपण ते सांगितले पाहिजे : तो वर्गणीतून भरून काढू, पण मजकुरातला एक स्वल्पविरामही कमी करणार नाही.